भूकंपाची पूर्वतयारी : घरापासून गल्लीपर्यंत

दुष्काळनिवारणाच्या वृत्तांतांत भूकंपाचें प्रकरण कशासाठीं, असा प्रश्न आमच्या कांहीं आश्रयदात्यांस पडेल. त्याचें उत्तर प्रथम देणें अवश्य आहे. दुष्काळ पावलापावलानें येतो. पाऊस हुकतो, धान्याचे भाव चढतात, विहिरी तळ गांठतात, जनावरें बाजाराची वाट धरतात. तेवढ्या अवधींत सरकारास, समितीस व शेजाऱ्यास कांहीं हालचाल करतां येते. १८८० सालच्या दुष्काळ कमिशननंतर प्रांतोप्रांतीं ज्या दुष्काळसंहिता तयार झाल्या, त्यांचें मर्म हेंच कीं, कोठें कोणतें काम काढावयाचें याची यादी सुकाळांतच तयार असावी. भूकंप मात्र मिनिटाच्या आंत आपलें काम उरकतो. त्याच्या तोंडावर यादी करण्यास कोणासही सवड मिळत नाहीं. आणि तो ओसरल्यावर जें मागें राहतें, तो एक प्रकारचा दुष्काळच असतो. धान्य ढिगाऱ्याखालीं, मिळवतें माणूस गेलेलें, बैल दावणीसच दडपलेले. शेतांत पीक उभें असूनही घरांत चूल पेटत नाहीं. म्हणून प्रत्येक घराची व प्रत्येक गल्लीची स्वतःची एक लहानशी संहिता आधींच तयार असावी, असें आमचें म्हणणें आहे.

आपला प्रदेश भूकंपाचा नव्हे, हा समज महाराष्ट्रास दोनदां महाग पडला आहे. ११ डिसेंबर १९६७ रोजीं पहाटे कोयनानगरचा परिसर हादरला. पुढें ३० सप्टेंबर १९९३ रोजीं पहाटे चारच्या सुमारास लातूर व धाराशिव जिल्ह्यांच्या सीमेवर किल्लारीचा भूकंप झाला. गणेशविसर्जन आटोपून थकलेलीं माणसें झोपेंत होतीं. त्या वेळच्या सरकारी नकाशांत हा भाग सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यांत गणलेला होता. भूकंपाचें मान सहाच्या थोडें वर, म्हणजे मध्यमच. परंतु प्राणहानि दहा हजारांच्या घरांत गेली. इतकी माणसें कां मेलीं, याचा शोध घेतला असतां बोट जमिनीकडे न जातां घराकडे जातें.

त्या भागांतील जुन्या घराची भिंत दोन-अडीच फूट जाड, पण ती वस्तुतः एक नसून दोन असते. आंतला एक थर व बाहेरचा एक थर, मध्यें दगडगोटे व माती. दोन्ही थरांस सांधणारा आरपार दगड बहुधा नसतो. वर माळवद, आणि गळती व ऊन अडविण्यासाठीं त्यावर वर्षानुवर्षें मातीची भर. धरणी हलतांच दोन्ही थर एकमेकांपासून सुटतात, फुगतात व कोसळतात. मागोमाग माळवदाचें सारें ओझें निजलेल्या माणसांवर येतें. उलट, जेथें छपराचा भार लांकडी खांब-तुळयांच्या मजबूत सांगाड्यावर होता, तेथें भिंती ढांसळूनही कित्येक ठिकाणीं वरचें माळवद जागीं राहिलें. या एका गोष्टींत सर्व धडा आहे. छपराचें ओझें कमी करावें आणि भिंती एकमेकींस बांधून घ्याव्या.

नवें घर बांधणारानें भिंतींत ठराविक अंतरावर आरपार दगड घालावे, आणि जोतें, दारें-खिडक्यांचा माथा व छप्पर या पातळ्यांवर सळईयुक्त काँक्रीटचा अखंड पट्टा सर्व भिंतींवरून फिरवावा. जुन्या घरास भिंतींत आरपार भोंकें पाडून त्यांत सळई व काँक्रीट भरण्याची रीत किल्लारीनंतर वापरण्यांत आली. परंतु तें काम जाणत्या अभियंत्याच्या देखरेखीखालींच करावें. माळवदावरील जास्तीची माती मात्र तुळयांची स्थिति पाहून बेताबेतानें उतरवितां येते.

ज्यांस बांधकाम शक्य नाहीं, त्यांसही पुष्कळ कांहीं करतां येईल. कपाट भिंतीस पक्कें जखडावें. जड हंडे-पातेलीं फळीवर न ठेवतां खालीं ठेवावीं. फळीखालीं व तडा गेलेल्या भिंतीशीं अंथरूण घालूं नये. उशाशीं विजेरी व पायतण असावें. पक्क्या इमारतींत असतां धक्का जाणवल्यास खालीं बसून मजबूत टेबलाचा आसरा घ्यावा व त्याचा पाय धरून ठेवावा. जिन्याकडे धांवूं नये. दगडमातीच्या घरांत दार एक-दोन पावलांवर असेल तर मोकळ्या जागेंत निघून जावें. चौकटींत उभें राहूं नये. धक्का थांबल्यावर गॅस व विजेचें मुख्य बटण बंद करावें, काडी ओढूं नये, आणि मागून येणारे धक्के ध्यानीं धरून भेगाळलेल्या घरांत वस्तूंसाठीं परत शिरूं नये.

दाराजवळ एक गांठोडें सदैव तयार असावें. माणशीं दररोज चार लिटर या हिशेबानें तीन दिवसांचें पाणी, फुटाणे, शेंगदाणे, गूळ, चालू औषधें, एक चादर व शिट्टी, एवढें त्यांत पुरे. वकिलीच्या अनुभवावरून आणखी एक गोष्ट आम्ही आग्रहानें सांगतों. सातबाराचा उतारा, शिधापत्रिका, बँकेचें पुस्तक व ओळखपत्र यांच्या प्रती त्या गांठोड्यांत ठेवाव्या व एक संच परगांवच्या आप्ताकडे द्यावा. घर पडलेल्या माणसास, तें घर आपलेंच होतें हें सिद्ध करीत कचेऱ्यांचे उंबरे झिजवावे लागणें, ही दुसरी आपत्ति होय. आणि ती पुष्कळ अंशीं टाळतां येण्यासारखी आहे.

आतां गल्लीविषयीं. बाहेरची मदत कितीही तत्पर असली तरी पहिले कांहीं तास शेजाऱ्यांचेच असतात. दडपलेल्यांचे प्राण वांचतात ते बहुधा याच तासांत. म्हणून गल्लीनें एका वहींत चार गोष्टी लिहून ठेवाव्या. कोणत्या घरांत अंथरुणास खिळलेलें माणूस, गरोदर स्त्री वा तान्हें मूल आहे. कोण कोणत्या खोलींत निजतें. पहार, कुदळ, दोरखंड, घमेलीं व मोटारीचा जॅक कोणाकडे आहेत. आणि भिंती व विजेच्या तारांपासून दूर असें जमण्याचें पटांगण कोणतें. ढिगाऱ्याशीं प्रथम सर्वांनीं गप्प राहून कानोसा घ्यावा; मग दगड वरून खालीं एकेक करून काढावे. गणेशोत्सवाच्या तयारीसाठीं तरुण मंडळी जमतातच. त्या बैठकींत ही वही दरवर्षीं वाचून दुरुस्त करावी. बचतगटांतील भगिनींस कोणाच्या घरीं कोण आजारी हें अधिक ठाऊक असतें. त्यांस विचारल्यावांचून ती पुरी होणार नाहीं. हीच वही महापुरांत, आगींत व दुष्काळांतही उपयोगी पडेल.

२००५ च्या आपत्तिव्यवस्थापन कायद्यानें प्रत्येक जिल्ह्याची आपत्तियोजना असणें आवश्यक केलें आहे. आपल्या गांवाचा तींत काय विचार झाला आहे, हें ग्रामसभेनें विचारावें. असें विचारणें हा नागरिकांचा धर्मच होय.

शेवटीं पैशाविषयीं स्पष्ट बोलणें बरें. जनावरांस वैरण नाहीं अशा वेळीं, येईल किंवा न येईल अशा संकटावर खर्च कां, असा आक्षेप आमच्या समितींतही निघाला, आणि तो अयोग्य नव्हता. दुष्काळासाठीं दिलेला पैसा ही ठेव आहे. दात्याच्या संमतीवांचून तिचा एक रुपयाही दुसरीकडे वळविण्याचा आम्हांस अधिकार नाहीं. म्हणून आम्हीं पूर्वतयारीचें खातें अगदीं वेगळें ठेवलें आहे. त्यांतून वस्त्यांस पहारी व दोरखंड पुरवावे आणि गवंड्यांस शिक्षण द्यावें, एवढाच संकल्प आहे. ज्यांस तो पटेल त्यांनीं या खात्याचें नांव लिहून यथाशक्ति साह्य करावें. ज्यांस द्रव्य देणें शक्य नसेल त्यांनीं एक संध्याकाळ द्यावी, शेजाऱ्यांस बोलवावें व ती वही लिहावयास घ्यावी. किल्लारीस पहाटे जीं माणसें गेलीं, त्यांस अशी संध्याकाळ मिळाली नव्हती; आपल्या हातीं ती अद्याप आहे. तिचा सदुपयोग व्हावा, हीच सर्वांस सविनय प्रार्थना.