प्रोटॉनचे अंतरंग आणि डॉ. रोहिणी गोडबोले यांचे संशोधन

बेळगाव-निपाणी भागातील वर्गांत, माध्यम मराठी असो की उर्दू, प्रोटॉन शिकविताना फळ्यावर बहुधा एक वर्तुळ व त्यात तीन ठिपके काढले जातात. दोन 'अप' क्वार्क, एक 'डाऊन' क्वार्क. हे चित्र खोटे नाही, पण त्यावर विसंबून वस्तुमानाचा हिशेब मांडला की तो फसतो. निपाणीच्या बाजारात पोत्याचे वजन म्हणजे माल अधिक बारदान. प्रोटॉनमधील तीन क्वार्कांचे स्वतःचे वस्तुमान मात्र एकूण वस्तुमानाच्या जेमतेम १ टक्का भरते. उरलेले बहुतांश वस्तुमान क्वार्कांच्या गतीतून आणि त्यांना बांधून ठेवणाऱ्या ग्लुऑनांच्या ऊर्जेतून येते. येथे बारदानच मालापेक्षा जड!

१९६८च्या सुमारास अमेरिकेत स्टॅनफर्ड येथे वेगवान इलेक्ट्रॉन प्रोटॉनवर आदळविले असता आत बिंदुवत कण असल्याचे दिसून आले. या प्रयोगांबद्दल फ्रीडमन, केंडॉल व टेलर यांना १९९० साली नोबेल पारितोषिक मिळाले. पुढे हॅम्बुर्ग येथील 'हेरा' यंत्रावर (१९९२-२००७) अधिक बारकाईने पाहता ग्लुऑन आणि क्षणभर जन्मून विरणाऱ्या क्वार्क-प्रतिक्वार्क जोड्यांची दाटी आढळली. सबब, प्रोटॉनमध्ये कण किती, या प्रश्नाचे उत्तर किती सूक्ष्म पाहिले यावर अवलंबून राहते. क्वार्क सुटा कधीच सापडत नसल्याने टकरीतून बाहेर पडलेल्या कणांवरून आतील रचना सिद्धांताच्या आधारे ताडावी लागते.

या क्षेत्रातील एक ठळक नाव पुण्याच्या डॉ. रोहिणी गोडबोले (१९५२-२०२४) यांचे होय. मुलींच्या हुजूरपागा शाळेतून त्या स. प. महाविद्यालयात, तेथून मुंबईच्या आय.आय.टी.त गेल्या. अमेरिकेतील स्टोनी ब्रुक येथे त्यांनी १९७९ साली पीएच.डी. मिळविली. मुंबई विद्यापीठात अध्यापन केल्यानंतर १९९५पासून त्या आपल्याच राज्यातील बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत होत्या.

जर्मन शास्त्रज्ञ मानुएल ड्रेस यांच्यासह त्यांनी प्रकाशकणाच्या, म्हणजे फोटॉनच्या अंतरंगाचा विचार केला. फोटॉनला घटक नसतात असे आपण शिकवितो. परंतु तो क्षणभर क्वार्क-प्रतिक्वार्क जोडीचे रूप घेतो आणि त्या रूपात प्रोटॉनला भेटला तर प्रोटॉनमधील ग्लुऑन त्याच्या आतील कणांवर आदळतात. अशा टकरींतून निघणाऱ्या कणझोतांचे गणित 'हेरा' सुरू होण्यापूर्वीच या दोघांनी मांडले, आणि तेथील मोजणीत असे झोत आढळले. १९९१मध्ये त्यांनी दाखविले की इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉन टकरींच्या भावी यंत्रांतही फोटॉन-फोटॉन टकरींतून नको असलेल्या कणांची गर्दी होऊ शकते. त्यामुळे अशा यंत्रांचा आराखडा करतानाच या गर्दीचा हिशेब धरावा लागू लागला.