सेकंदाला तेरा ठोके

टेबलावर एका बोटानं जमेल तितक्या जलद टकटक करून पाहा. सेकंदाला पाच-सहा ठोके पडतात, सराव असेल तर सात, मग बोट संप पुकारतं. आता हेच पायांनी करायचं. डेथ मेटलचा ड्रमवादक दोन्ही पायांखाली एकेक पेडल घेतो आणि मोठ्या ढोलावर डावा-उजवा, डावा-उजवा अशी अखंड साखळी धरतो. मिनिटाला २०० मात्रांची लय आणि प्रत्येक मात्रेत चार ठोके, म्हणजे मिनिटाला ८००, सेकंदाला तेराहून थोडे जास्तच. एवढं पायांचं चाललेलं असताना दोन्ही हात वर भलतंच काहीतरी वाजवत असतात.

खरी गंमत पुढे आहे. ठोके सेकंदाला साधारण विसाच्या पलीकडे गेले की आपला कान ते सुटे ऐकायचं सोडून देतो. त्यांचा मिळून एक जाडसर, खर्जातला सूर होतो. ताल आणि सूर या आपण दोन वेगळ्या गोष्टी मानतो, पण वेग वाढवत नेला की एका ठिकाणी तालाचाच सूर होऊन बसतो. डेथ मेटल त्या ठिकाणाच्या जेमतेम अलीकडे चालतं. नवख्याला त्यात नुसता गडगडाट ऐकू येतो आणि त्यात त्याचं काही चुकत नाही. मुरलेल्या चाहत्याला मात्र त्यातला प्रत्येक ठोका सुटा ऐकू येतो. एखाद्या ठोक्याची जागा किंचित सरकली की तो हसतो. हे ऐकणं कमवावं लागतं. ते ज्यांनी कमावलं त्यांच्यातल्या अनेकांचा गुरू म्हणजे फ्लोरिडाचा ‘डेथ’ हा बँड.

हा बँड ज्याचा, तो चक शुल्डिनर नऊ वर्षांचा असताना त्याचा थोरला भाऊ गेला. मुलाचं मन कशात तरी रमावं म्हणून आईवडिलांनी त्याला गिटार आणून दिली. शास्त्रशुद्ध शिकवणी वर्षभरही टिकली नाही, पोरगा कंटाळला. पुढे कुणाच्या तरी अंगणात मांडलेल्या जुन्या सामानाच्या विक्रीत आईवडिलांना एक इलेक्ट्रिक गिटार दिसली, ती त्यांनी घरी आणली आणि मग चक खोलीबाहेर यायला तयार होईना. अल्टामॉन्ट स्प्रिंग्ज या गावात सोळा-सतरा वर्षांच्या या पोरानं दोन मित्रांना घेऊन ‘मँटस’ नावाचा बँड काढला. १९८४ मध्ये त्याचंच नाव ‘डेथ’ झालं. १९८७ चा पहिला अल्बम ‘स्क्रीम ब्लडी गोर’ नावाप्रमाणेच आहे: भयपट, मुडदे, आतडी आणि भरपूर उत्साह. या संगीतप्रकाराच्या पायाभरणीत त्याची गणना होते. तरी खरं सांगायचं तर एवढ्यावरच थांबला असता तर चकवर लिहावं असं मला वाटलं नसतं.

वळण आलं ते एका भांडणातून. १९९० मध्ये चकनं युरोपच्या दौऱ्यावर जायला ऐनवेळी नकार दिला, तेव्हा बँडमधले त्यावेळचे बाकीचे दोघं गिटारला आणि गायनाला दुसरी माणसं उभी करून ‘डेथ’ याच नावानं दौरा करून आले. चकनं पुन्हा कायमचे साथीदार म्हणून कुणाशी संसार थाटला नाही. दर अल्बमला हवे ते वादक बोलवायचे, काम झालं की ज्याचा तो मोकळा. रागातून घेतलेल्या या निर्णयानं संगीताचं मात्र भलं केलं, कारण आता त्याला दोस्ती न सांभाळता थेट सर्वांत चांगला वादक शोधता येत होता.

१९९१ च्या ‘ह्यूमन’साठी त्यानं मायामीचे दोन तरुण उचलले: गिटारवर पॉल मास्विडाल आणि ड्रम्सवर शॉन राइनर्ट. जेमतेम विशीतली पोरं. दोघांचा स्वतःचा ‘सिनिक’ हा बँड होता आणि दोघांनी जॅझ-फ्यूजनची पारायणं केलेली होती. बासवर कॅलिफोर्नियाचा स्टीव्ह डिजॉर्जिओ. अल्बमची सुरुवातच ऐकण्यासारखी आहे. ड्रम्स एकटेच, लांबून येत असल्यासारखे हळूहळू मोठे होत जातात, जवळ येतात आणि मग गिटारी अंगावर कोसळतात. राइनर्ट जोरात वाजवतोच, पण मधूनच झांजेच्या मधल्या उंचवट्यावर असा काही नाजूक किणकिणाट करतो की हा माणूस वाट चुकून इथे आला की काय असं वाटावं. त्या काळी या संगीतात असं फारसं कुणी वाजवत नव्हतं. टेक्निकल डेथ मेटल म्हणून पुढे जी शाखा फोफावली तिचे चाहते आजही या अल्बमकडे बोट दाखवतात.

‘टेक्निकल’ म्हणजे इथे काय, ते जरा जवळून पाहू. समजा गिटारचा तुकडा, म्हणजे रिफ, सात मात्रांचा आहे आणि ड्रमवादकाची झांज चारच्या हिशोबानं पडते आहे. पहिल्या मात्रेला दोघं एकत्र निघतात, लगेच फारकत होते आणि अठ्ठावीस मात्रांनंतर पुन्हा एकदम भेटतात. मधल्या प्रवासात ऐकणाऱ्याचा तोल जातो, आणि भेटीच्या जागी सभागृहातल्या सगळ्या माना एकदम खाली येतात. गाण्याच्या बैठकीत तबलजी अवघड तिहाई घेऊन समेवर उतरला की पुढच्या रांगेतल्या जाणकारांचं जे होतं तेच हे, फक्त केस लांब आणि टी-शर्ट काळे. डोकं आपटत नाचणारी ही मंडळी बेभान दिसतात, पण त्यांचा मात्रांचा हिशोब पक्का असतो.

एवढ्या वेगात सगळं स्पष्ट ऐकू यावं ही रेकॉर्डिंग करणाऱ्यासाठी डोकेदुखी. मोठ्या ढोलाचा घुमारा लांबतो. एकाचा घुमारा विरायच्या आत दुसरा ठोका येतो आणि सगळ्याचा चिखल होतो. टँपा शहरात जिम आणि टॉम या मॉरिस बंधूंचा ‘मॉरिसाउंड’ स्टुडिओ होता. ‘ह्यूमन’ तिथेच झाला, आणि मॉर्बिड एंजल, ऑबिच्युअरी, डिइसाइड हे सगळे तिथलेच गिऱ्हाईक. या संगीताच्या ध्वनिमुद्रकांनी उपाय शोधला तो असा: ढोलाचा ‘धम्म’ कमी करायचा आणि पेडलचा गोळा ढोलाच्या पानावर आपटताना होणारा बारीक ‘टक’ वर काढायचा. ‘टक’ क्षणात संपतो, त्यामुळे सेकंदाला तेरा आले तरी गर्दी होत नाही. नवखा म्हणतो, ढोल टाइपरायटरसारखा का वाजतोय? म्हणून वाजतोय.

त्यात गिटारी खाली उतरवलेल्या. नेहमीच्या गिटारची सर्वांत जाड तार सुमारे ८२ हर्ट्झवर बोलते. डेथच्या गिटारी एक पूर्ण सूर खाली लावलेल्या असत, म्हणजे तीच तार सुमारे ७३ हर्ट्झवर. तार सैल होते, आवाज भारदस्त होतो, पण तो बासच्या मुलखात शिरतो. गिटारींनी जागा बळकावली की बासचा गळा दाबला जातो. ‘ह्यूमन’मध्ये नेमकं हेच झालं. डिजॉर्जिओनं काय वाजवलंय ते वीस वर्षं लोक अंदाजानं ऐकत होते. २०११ मध्ये जिम मॉरिसनं मूळ ध्वनिफितींवरून अल्बमचं मिश्रण नव्यानं केलं आणि बास एकदम समोर आला. ज्या गाण्यांचा कण न् कण पाठ आहे असं वाटत होतं, त्यांत एक आख्खा वादक लपलेला निघाला. चाहत्यांचे तट पडले ते तेव्हाच. एक म्हणतो, आता कुठे अल्बम पुरा झाला. दुसरा म्हणतो, आमच्या जुन्या आवाजाला हात का लावलात?

आवाजावरून आठवलं, तो गळा. त्या खरखरीत गुरगुरण्याला ग्राउल म्हणतात. गळ्यात स्वरतंतूंच्या थोड्या वर मांसल घड्यांची आणखी एक जोडी असते, तिला खोटे स्वरतंतू म्हणतात. गिळताना, खोकताना श्वासनलिका बंद करायला त्या मदत करतात, एरवी बोलण्या-गाण्यात त्यांचं फारसं काम नसतं. ग्राउल करणारा त्यांनाच थरथरवतो. त्या जाड आणि बेशिस्त, म्हणून त्यांच्यातून स्वच्छ सूर निघत नाही, खरखर निघते. तंत्र जमलं तर माणूस तासभर असं गाऊ शकतो, नाहीतर दोन गाण्यांत घसा बसतो. चकचा आवाज मात्र वर्षागणिक वरच्या पट्टीत आणि धारदार होत गेला. पुढेपुढे तर त्याला गायचंच नव्हतं. ‘कंट्रोल डिनाइड’ हा दुसरा बँड काढून त्यानं टिम एमार या खुल्या गळ्याच्या गायकाला पुढे केलं आणि स्वतः फक्त गिटार धरली.

असलं ऐकून माणसं हिंसक होतात का, हा प्रश्न आलाच. सिडनीच्या मॅक्वॉरी विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१९ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. दोन डोळ्यांना एकाच वेळी दोन वेगळी चित्रं दाखवायची, एक हिंसेचं आणि एक साधं. मेंदूला त्यांची सांगड घालता येत नाही, मग कधी एक दिसतं, कधी दुसरं. सामान्य माणसाला हिंसेचं चित्र जास्त वेळ दिसतं, कारण मेंदू धोक्याकडे आधी बघतो. हिंसेच्या चित्रांना निबर झालेल्या माणसाला ते तितकं दिसणार नाही. कानावर कधी ब्लडबाथ या बँडचं नरभक्षणाबद्दलचं गाणं, कधी फॅरेल विल्यम्सचं ‘हॅपी’. चाहत्यांचे मेंदू इतरांइतकेच दचकत होते. निबर वगैरे कुणी झालं नव्हतं.

डेथच्या गाण्यांतली आतडी तशीही कधीच मागे पडली होती. १९८८ च्या ‘लेप्रसी’तलं ‘पुल द प्लग’ यंत्रांच्या आधारे जिवंत ठेवलेल्या माणसाच्या तोंडचं आहे. ‘स्पिरिच्युअल हीलिंग’मध्ये श्रद्धेच्या नावानं रोग बरे करणारे भोंदू आहेत. आपल्याकडेही तो अल्बम खपायला हरकत नव्हती. बँडच्या नावाचं बोधचिन्हही बदललं. आधी त्यात बारीकसारीक नक्षी होती आणि इंग्रजी ‘टी’च्या जागी उलटा क्रूस. ‘ह्यूमन’च्या आधी चकनं ती नक्षी काढून टाकली आणि धर्माचा वाद नको म्हणून क्रूसाचा साधा ‘टी’ केला. संगीत जितकं गुंतागुंतीचं होत गेलं तितकं चिन्ह साधं होत गेलं. असले तपशील चाहते तोंडपाठ सांगतात.

१९९३ च्या ‘इंडिव्हिज्युअल थॉट पॅटर्न्स’मध्ये ड्रम्सवर जीन होग्लन आला. लयीला इतका पक्का की ‘अणुघड्याळ’ हेच त्याचं टोपणनाव. डिजॉर्जिओच्या हातात आता बिनपडद्यांचा बास होता, म्हणजे सुरांमधून घसरत जाणारा, जवळजवळ गाणारा. शेवटच्या ‘द फिलॉसॉफर’ गाण्यात बाकी सगळे मागे हटत असताना तो आपला वाजवतच राहतो. मग आला १९९५ चा ‘सिम्बॉलिक’. माझं मत विचाराल तर सगळ्यांत पुरा अल्बम हाच. ‘क्रिस्टल माउंटन’ संपता संपता येणारी ती साधी अकूस्टिक गिटार ऐकली की लहानपणी सोडलेली शिकवणी वाया गेली नव्हती असं वाटतं. १९९८ चा ‘द साउंड ऑफ पर्सिव्हरन्स’ हा शेवटचा.

१९९९ मध्ये मान दुखते म्हणून तपासण्या झाल्या आणि १३ मे रोजी, बत्तिसाव्या वाढदिवशी, मेंदूच्या बुंध्यात गाठ असल्याचं चकला कळलं. उपचारांचा खर्च घरच्यांना झेपणारा नव्हता. २००१ मध्ये डेथच्या लॉस एंजेलिसमधल्या एका जुन्या मैफलीचं ध्वनिमुद्रण, कुठेही डागडुजी न करता, त्या खर्चासाठी विक्रीला काढलं गेलं आणि चाहत्यांनी ते घेतलं. १३ डिसेंबर २००१ ला चक गेला. चौतीस वर्षांचा होता.

२०१२ पासून जुने साथीदार ‘डेथ टु ऑल’ या नावानं दौरे करतात. चकच्या जागी मॅक्स फेल्प्स हा गिटारवादक त्याचे सूर न् सूर वाजवतो. समोरची गर्दी शब्दांऐवजी गिटारचे तुकडेच गळ्यानं गाते, कारण शब्द तसेही कुणाला नीट कळत नाहीत. मास्विडाल आणि राइनर्ट या दोघांनी २०१४ मध्ये आपण समलिंगी असल्याचं जाहीरपणे सांगितलं. इतक्या मर्दानी तोऱ्याच्या दुनियेतल्या एका आख्ख्या शाखेचा पाया ज्या ‘ह्यूमन’नं घातला, त्यातले हे निम्मे वादक. २०२० मध्ये राइनर्टही गेला.

या संगीताचं वेड आपल्याकडेही आहेच. मुंबईत धोबी तलावच्या रंगभवनात इंडिपेन्डन्स रॉक महोत्सवानं एक पिढी घडवली. शांतता क्षेत्राच्या नियमांनी तिथले कार्यक्रम बंद झाले, पण हे वेड बंद पडलं नाही. डेमॉनिक रेझरेक्शन, गटस्लिट हे बँड मुंबईचेच. पहिल्याचा म्होरक्या साहिल मखिजा यूट्यूबवर स्वयंपाकही शिकवतो. त्याच्या २०१६ च्या एकट्याच्या अल्बमवर नाइल या बँडचा ग्रीक ड्रमवादक जॉर्ज कोलियस वाजवतो, आणि पायांच्या वेगाचं वेड असलेल्यांसाठी हे नाव पुरेसं आहे.

ऐकून पाहायचं असेल तर चांगले हेडफोन घ्या, फोनच्या स्पीकरवर यातलं निम्मं पोचतच नाही. ‘सिम्बॉलिक’पासून सुरुवात करा. पहिल्या खेपेला गळ्याकडे लक्ष देऊ नका, नुसता होग्लनचा हात ऐका, झांजेवरचा. दुसऱ्या खेपेला पाय. गळा आपोआप वाद्यासारखा वाटायला लागेल. मग ‘ह्यूमन’कडे वळा, आणि तो मात्र २०११ च्या मिश्रणातला घ्या. जुने चाहते ओरडतील, ओरडू द्या.