मातीचं घर (लेखांक ११) : किल्लारीत काय पडलं?

गिलावा या आठवड्यात होता, तो पुढे ढकलतो आहे. भिंतींचा लेख वाचून औसा तालुक्यातल्या एका वाचकांनी लिहिलं, ‘किल्लारीनंतर आम्हालाच मातीचं घर सांगता?’ या प्रश्नाला उत्तर दिल्याशिवाय भिंतीला हात लावणं बरं नाही.

३० सप्टेंबर १९९३ची पहाट. आदल्या दिवशी गणपती बोळवून गावं झोपली होती. किल्लारीचा भूकंप ६.२चा होता आणि हजारो माणसं गेली, बहुतेक आपापल्या घराखाली. ती घरं ‘मातीची’ म्हणून बदनाम झाली, पण भिंती दगडाच्या होत्या. दोन-अडीच फूट जाडीची दगडी भिंत म्हणजे खरं तर दोन भिंती: बाहेरून एक पडदी, आतून एक, आणि मधल्या पोकळीत मातीत कालवलेली बारीक खांडकी. दोन्ही पडद्यांना धरून ठेवणारा आरपार दगड बहुतेक ठिकाणी घातलेलाच नव्हता. गोलसर, न घडलेले दगड एकमेकांवर नीट बसत नाहीत. हादरा आला की पडद्या एकमेकींपासून सुटतात, मधली भर खाली दबते, भिंत फुगते आणि ढासळते.

आणि वर माळवद. तुळया, त्यांवर सर, त्यांवर लाकडं आणि मग माती. पावसाळ्याआधी दरसाल नवी माती चढायची, जुनी कोणी उतरवत नसे. बापाच्या काळचा थर, त्यावर मुलाचा. हिशेब करून पाहा. दहा बाय बाराची खोली, वर दीड फूट माती म्हणजे १८० घनफूट. घनफुटाला ४५ किलो धरले तरी आठ टन! तेवढ्याच खोलीवर मंगलोरी कौलं घातली तर वजन टनाच्या आत राहतं. एक गोष्ट मात्र विसरू नये: ज्या घरांत माळवद भिंतीवर नसून लाकडी खांबांवर होतं, तिथे भिंती ढासळूनही खांब आणि छत पुष्कळदा उभं राहिलं. सुताराचं काम टिकलं.

याउलट कच्छ. २६ जानेवारी २००१च्या, किल्लारीपेक्षा कितीतरी मोठ्या भूकंपात तिथली ‘भुंगा’ नावाची मातीची कित्येक गोल घरं शाबूत राहिली. गोल भिंत, त्यामुळे फाटायला कोपरा नाही. दारं-खिडक्या लहान आणि मोजक्या. डोक्यावर गवताचं हलकं शंकूसारखं छप्पर. तीच माती, पण घराचा घाट निराळा.

म्हणून माझं म्हणणं असं, की मातीला दोष देण्याआधी डोक्यावरचं वजन, कोपरे आणि भिंतीची लांबी पाहावी. मातीची भिंत दाब सोसते, ताण सोसत नाही. हे तिचं दुबळेपण धरूनच बांधायचं. मातीच्या घरांसाठी १९९३ सालीच निघालेलं भारतीय मानक (आयएस १३८२७) यासाठी फार उपयोगी आहे. आपली दीड फुटी भिंत त्यात बसवून पाहू. उंची जाडीच्या आठपटीच्या आत, म्हणजे बारा फूट. आपण आठच ठेवली आहे. दोन आडव्या भिंतींमधलं अंतर जाडीच्या दहापट, म्हणजे पंधरा फुटांपेक्षा जास्त नको. दार-खिडकी चार फुटांपेक्षा रुंद नको, आणि कोपऱ्यापासून चार फूट सोडून. कोपऱ्यात भेंडे (मातीच्या कच्च्या विटा) सांधमोड साधून, एका थरात इकडून तर दुसऱ्या थरात तिकडून घ्यायचे. कोपऱ्याचा सांधा सरळ वरपर्यंत गेला की भिंत तिथूनच उघडते.

सगळ्यात महत्त्वाचा तो पट्टा. दारा-खिडक्यांच्या माथ्याशी आणि छपराखाली, चारही भिंतींवरून अखंड फिरणारा. दोन लांब लाकडं समांतर, मध्ये शिडीसारख्या आडव्या पट्ट्या, कोपऱ्यांवर खिळ्यांनी पक्क्या जोडलेल्या. या पट्ट्यामुळे चार सुट्या भिंती एक घर होतात. तो गाळून पैसे वाचवू नका; वाचवायचेच तर फरशीत वाचवा.

गिलावा पुढच्या आठवड्यात. तोवर ज्यांच्या जुन्या घरावर अजून माळवद आहे, त्यांनी एका कोपऱ्यात पहारीने भोक पाडून मातीची जाडी मोजावी. फूटभराहून जास्त निघाली, तर जाणत्या गवंड्याला घेऊन, खाली टेकू देऊन, वरचे थर उतरवा. सात-आठ इंच माती आणि तिच्या पोटात जाड प्लास्टिकचा कागद पावसाला पुरतो. काम उन्हाळ्यातच करा.