विश्लेषण : चावी काढून ‘कीलेस’ बटण बसवताना दुचाकीच्या वायरिंगमध्ये नेमके काय बदलते?

खिशात रिमोट, हँडलवर एक बटण. गाडीजवळ जायचे, बटण दाबायचे आणि सेल्फ मारायचा. चावी शोधायला नको आणि पावसाळ्यात अडकणाऱ्या लॉकशी झटापटही नको. होंडाने जानेवारी २०२३ मध्ये अ‍ॅक्टिव्हाची ‘एच-स्मार्ट’ आवृत्ती आणली आणि ही सोय रोजच्या स्कूटरपर्यंत पोहोचली. साहजिकच जुन्या स्प्लेंडर, पल्सर किंवा बुलेटच्या मालकांनाही ती हवीशी वाटते. किट ऑनलाइन मिळते आणि ‘दोन वायर जोडल्या की झाले’ असे सांगणारे व्हिडीओही भरपूर आहेत.

अडचण या ‘दोन वायर’मध्येच आहे. दुचाकीची चावी केवळ करंट चालू-बंद करत नाही. अनेक गाड्यांत ती इंजिन बंद करते, हँडल लॉक करते आणि गाडी चोरीला गेलीच, तर विमा कंपनीकडे पुरावा म्हणूनही उपयोगी पडते. बाजारातले साधे कीलेस किट यातले एकच काम करते. उरलेल्या कामांचा विचार न करता वायर कापल्या, तर गाडी पूर्वीपेक्षा असुरक्षित होऊ शकते.

चावी फिरवल्यावर आत काय होते?

बॅटरीच्या पॉझिटिव्हवरून एक वायर मुख्य फ्यूजमधून इग्निशन स्विचपर्यंत येते. चावी ‘ऑन’ केली की ती पुढच्या वायरला जोडली जाते आणि तिथून हॉर्न, इंडिकेटर, ब्रेक लाइट, मीटर यांना करंट मिळतो. सेल्फची मोटर तेवढी वेगळी असते. तिला लागणारा करंट इतका मोठा असतो, की तो बॅटरीजवळच्या स्टार्टर रिलेतून थेट जातो. हँडलवरचे बटण फक्त त्या रिलेला इशारा देते.

बाकीचा भार मात्र अनेक जुन्या गाड्यांत इग्निशन स्विचच्या छोट्याशा पितळी संपर्कांतून जातो. बॅटरीवर चालणारा ५५ वॅटचा हेडलाइट साडेचार अँपिअरपेक्षा जास्त करंट घेतो. ब्रेक, इंडिकेटर आणि हॉर्न एकाच वेळी चालू झाले की ताण आणखी वाढतो. स्विच जुना होऊन संपर्कात ०.२ ओहमचा रोध आला आणि त्यातून ५ अँपिअर करंट गेला, तर एक व्होल्ट वाटेतच जातो आणि त्या टिचभर जागेत ५ वॅट उष्णता तयार होते. हेडलाइट पिवळट पडतो आणि कपलरचे प्लास्टिक हळूहळू तपकिरी होऊन वितळते. जुनी गाडी उघडल्यावर मेकॅनिकला जळका कपलर दिसतो, त्यामागे बहुतेक वेळा हेच कारण असते.

म्हणूनच कीलेस बटण बसवताना सगळा भार त्या बटणातून किंवा किटच्या डबीतून नेऊ नये. मधे रिले हवा. रिलेच्या कॉइलला साधारण दीडशे-दोनशे मिलिअँपिअर पुरतात. मोठा करंट रिलेच्या जाड संपर्कातून जातो आणि बटणाकडे फक्त आज्ञा देण्याचे काम राहते. बाजारातल्या चार पायांच्या रिलेवर ३०, ८७, ८५, ८६ असे आकडे असतात. ३० वर बॅटरीची फ्यूजमधून आलेली वायर, ८७ वर गाडीकडे जाणारी वायर, तर ८५ आणि ८६ ही कॉइलची दोन टोके. कॉइलला समांतर एक डायोड लावावा. रिले बंद होताना कॉइलमधून उलट्या दिशेने व्होल्टेजचा झटका येतो आणि कीलेस मॉड्यूल निकामी व्हायला तेवढे पुरते.

गाडी बंदच झाली नाही तर?

किट बसवणाऱ्यांची खरी फसगत इथे होते. ‘करंट तोडला की इंजिन बंद’ हे सगळ्या दुचाकींना लागू नाही.

जुन्या बुलेटसारख्या गाडीत इग्निशन कॉइल बॅटरीवर चालते. पॉझिटिव्ह तोडला की ठिणगी थांबते आणि इंजिनही थांबते. पण स्प्लेंडरसारख्या जुन्या कार्ब्युरेटरच्या कम्युटर गाड्यांत ठिणगीसाठीची वीज मॅग्नेटमधल्या वेगळ्या कॉइलमधून येते. तिला बॅटरीची गरजच नसते. बॅटरी पार बसली तरी या गाड्या किकवर सुरू व्हायच्या, त्यामागचे गुपित हेच. अशा गाडीत चावी ‘ऑफ’ केल्यावर करंट तुटतो, पण इंजिन थांबते ते दुसऱ्या कारणाने. स्विच सीडीआय युनिटची एक वायर अर्थला, म्हणजे चेसिसला, जोडतो आणि ठिणगीची वीज तिथेच जिरते. म्हणजे चावी बंद असताना स्विचमधला एक संपर्क उघडा, तर दुसरा जोडलेला असतो.

जुन्या हिरो होंडाच्या स्विचला चार वायर दिसतात : लाल, काळी, काळी-पांढरी आणि हिरवी. लाल बॅटरीची, काळी पुढे गाडीकडे जाणारी. काळी-पांढरी सीडीआयची आणि हिरवी अर्थची. ‘दोन वायर जोडल्या की झाले’ म्हणणारा लाल आणि काळीला हात घालतो आणि उरलेल्या दोन टेप लावून सोडून देतो. मग बटण बंद केले की हॉर्न आणि इंडिकेटर बंद होतात, इंजिन मात्र फटफटत राहते. त्याहून वाईट म्हणजे ती गाडी आता रिमोटशिवाय कोणीही किक मारून नेऊ शकतो. अशी गाडी ‘डायरेक्ट’ करायला चोरालाही काही जोडावे लागत नाही. ती आधीच डायरेक्ट झालेली असते.

यावर उपाय आहे पाच पायांचा रिले. त्यात ८७अ हा जादा पाय असतो आणि कॉइलला करंट नसताना ३० हा पाय ८७अ ला जोडलेला राहतो. असा एक वेगळा रिले घेऊन त्याच्या ३० वर सीडीआयची वायर आणि ८७अ वर अर्थ जोडला, की गाडी बंद असताना ठिणगी अर्थ झालेली राहते. रिमोट ओळखला गेला की रिले ओढला जातो आणि ठिणगी मोकळी होते. अर्थात याची किंमत आहे. बॅटरी पूर्ण बसली तर रिले ओढला जाणार नाही आणि किक मारूनही गाडी सुरू होणार नाही. पूर्वी जी गाडी कधी रस्त्यात अडकवत नव्हती, ती आता अडकवू शकते.

आपल्या गाडीत कोणती पद्धत आहे, हे ओळखायला मल्टिमीटर पुरतो. इग्निशन स्विचचा कपलर सोडवून स्विचच्या बाजूच्या वायर तपासाव्यात. चावी ‘ऑफ’ असताना कोणत्याही दोन वायरमध्ये जोड दाखवला, तर ती अर्थ करून बंद होणारी गाडी आहे असे समजावे.

बॅटरी का बसते?

चावीची गाडी बंद असताना जवळजवळ काहीच खात नाही. कीलेस मॉड्यूलला मात्र रिमोटची वाट पाहत सतत जागे राहावे लागते. मॉड्यूल १० मिलिअँपिअर खात असेल, तर दिवसाला ०.२४ अँपिअर-तास जातात. छोट्या कम्युटर गाडीत ३ अँपिअर-तासांची बॅटरी असते. गणपतीला दहा दिवस गावी जाऊन परत आले, की त्यातले २.४ गेलेले असतात. चांगल्या मॉड्यूलचा बंद अवस्थेतला करंट याच्या कितीतरी खाली असतो. किट घेताना रिमोटचा पल्ला किती हे सगळे विचारतात, पण खरे विचारायचे ते हा आकडा.

चालत्या गाडीचे काय?

अनेक स्वस्त अलार्म-कम-कीलेस किटमध्ये रिमोटवर इंजिन बंद करण्याचे बटण असते. हे बटण खिशात चुकून दाबले गेले आणि गाडी महामार्गावर असेल, तर काय होईल हे सांगायला नको. चांगले मॉड्यूल रिमोट फक्त सुरू करताना तपासते. एकदा गाडी चालू झाली की रिमोट पडला, हरवला किंवा त्यातली बॅटरी संपली, तरी ते इंजिनला हात लावत नाही. किट हँडलवर बसवण्याआधी गाडी मुख्य स्टँडवर चालू ठेवून एवढे तरी तपासून घ्यावे.

रिमोटचाही प्रश्न आहे. ज्या रिमोटचा कोड दर वेळी तोच असतो, तो कोणी हवेतून पकडून पुन्हा वाजवू शकतो. दर दाबण्याला बदलणारा कोड, म्हणजे ‘रोलिंग कोड’, असलेले किट घेणे त्यामुळे शहाणपणाचे. बर्लिनची मोटोगॅजेट कंपनी कस्टम गाड्यांसाठी आरएफआयडी कुलूप बनवते. त्यात चावीला बॅटरीच लागत नाही, ती वाचकाजवळ टेकवावी लागते. ते महाग आहे, पण दूरवरून काम करत नाही हाच त्याचा फायदा.

वायरिंग करताना काय पाहावे?

मुख्य फ्यूज बॅटरीच्या अगदी जवळ हवा. फ्यूज उपकरण वाचवण्यासाठी असतो असा समज आहे, पण त्याचे पहिले काम वायर वाचवणे. बॅटरीपासून फ्यूजपर्यंतचा तुकडा चेसिसला घासून उघडा पडला, तर त्याला कोणतेच संरक्षण नसते आणि तो पेट्रोलच्या टाकीखालूनच जात असतो. वायर वाहनांसाठीची, बारीक तारांची घ्यावी. घरातली फिटिंगची वायर कंपनांनी तुटते. जोडांना क्रिंप करून हीट श्रिंक लावावे. नुसती काळी टेप एका उन्हाळ्यात चिकट होऊन सुटते. अर्थसाठी हँडलच्या बेअरिंगवर विसंबू नये, थेट बॅटरीच्या निगेटिव्हवरून वेगळी वायर आणावी.

१ एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ गाड्यांत मूळ वायरिंगला कात्री लावूच नये. इंजेक्टर, इंधन पंप आणि एबीएस यांचे सगळे गणित ईसीयूवर चालते. भलत्या ठिकाणी जोड दिला तर मीटरवर दिवा पेटतो आणि वॉरंटीही जाते. कपलरला कपलर जोडून काम होत असेल तरच पुढे जावे.

हँडल लॉक आणि विमा

बहुतेक आधुनिक गाड्यांत इग्निशन स्विच आणि हँडल लॉक एकाच नळीत असतात. लॉकसेट काढून तिथे बटण बसवले की हँडल लॉक जाते. मग इलेक्ट्रॉनिक्स कितीही भारी असले, तरी दोघे जण गाडी ढकलत नेऊ शकतात. त्यामुळे मूळ लॉकसेट जागेवर ठेवून कीलेस बटण त्याच्या जोडीला बसवणे हा कमी देखणा, पण जास्त चांगला मार्ग आहे. तसेही पेट्रोल भरताना टाकीच्या झाकणाला चावी लागतेच.

कायद्याच्या बाजूने चित्र थोडे धूसर आहे. मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदलांना मनाई करते आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये त्याचा कठोर अर्थ लावला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने नियमबाह्य बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५ हजार रुपये दंड, अथवा दोन्ही, अशी तरतूद केली. इग्निशन स्विचची नोंद आरसीवर नसते, पण नोंद नाही म्हणजे परवानगी आहे असा सरळ अर्थ काढता येत नाही.

विमा हा जास्त व्यावहारिक प्रश्न. चोरीचा दावा केला की विमा कंपन्या सहसा गाडीच्या दोन्ही मूळ चाव्या मागतात. लॉकसेट भंगारात गेला असेल आणि बदलाची माहिती कंपनीला दिलेली नसेल, तर तिथे दावा अडकू शकतो. किट बसवण्यापूर्वी विमा कंपनीला ईमेलने कळवून उत्तर जपून ठेवावे, आणि चावी वापरात नसली तरी दोन्ही मूळ चाव्या घरी कागदपत्रांसोबत ठेवाव्यात.