दूरनियंत्रक : जुना आणि नवा

दूरचित्रवाणी संचाच्या पाठीमागे खोचायची ती बोटभर लांबीची स्ट्रीमिंगची कांडी तुमच्यापैकी पुष्कळांनी पाहिली असेल. इंटरनेटवरून येणारे चित्रपट आणि कार्यक्रम ती संचाच्या पडद्यावर आणते. तिच्याबरोबर एक छोटा दूरनियंत्रक, म्हणजे आपल्या रोजच्या बोलण्यातला रिमोट, मिळतो. हा रिमोट हातात घेऊन एक साधा प्रयोग करा. रिमोट आणि हात दोन्ही जाड पांघरुणाखाली घ्या आणि बाणाचे बटण दाबा. पडद्यावरची निवड मुकाट्याने पुढे सरकेल. आता त्याच रिमोटवरचे आवाज वाढविण्याचे बटण दाबा. बहुतेक घरांत आवाज जागचा हलणार नाही! पांघरूण बाजूला करून रिमोट संचाकडे रोखला, की लगेच वाढेल.

रिमोट एकच, विद्युतघट तेच, बोटही तेच. मग एका बटणाला पांघरूण आड येते आणि दुसऱ्याला येत नाही, असे का? या एका प्रश्नाच्या उत्तरात जुन्या आणि नव्या दूरनियंत्रकांमधला सारा फरक सामावलेला आहे.

थोडा इतिहास

दूरनियंत्रणाची कल्पना जुनी आहे. १८९५ साली आचार्य जगदीशचंद्र बसू यांनी कलकत्त्यात अदृश्य विद्युत्‌चुंबकीय तरंग भिंतींमधून पलीकडे पाठवून दूरची घंटा वाजवून दाखविली होती. दूरचित्रवाणी संचासाठी मात्र सुरुवातीला वेगळे मार्ग चोखाळले गेले. अमेरिकेतील झेनिथ कंपनीत युजीन पॉली यांनी १९५५ साली साध्या प्रकाशझोतावर चालणारा दूरनियंत्रक बनविला. पडद्याच्या चार कोपऱ्यांत चार प्रकाशघट होते आणि हातातल्या विजेरीचा झोत त्यांच्यावर टाकायचा होता. अडचण अशी, की खिडकीतून येणारे ऊन त्या प्रकाशघटांवर पडले तरी संच आपोआप वाहिनी बदलू लागे. पुढल्याच वर्षी त्याच कंपनीतील रॉबर्ट ॲडलर यांनी प्रकाशाऐवजी ध्वनी वापरला. बटण दाबले, की एक छोटी हातोडी ॲल्युमिनियमच्या दांडीवर आपटे आणि आपल्या कानांना ऐकू न येणारा श्राव्यातीत ध्वनी निघे. या रिमोटला विद्युतघटही लागत नसे. पण किल्ल्यांचा जुडगा खुळखुळला, तरी संच कधी कधी फसे.

या दोन्ही उदाहरणांतून एक धडा मिळतो. संदेश पाठविणे सोपे असते; तो आपलाच आहे, आजूबाजूच्या गोंधळातला नव्हे, हे ओळखणे अवघड असते.

जुना प्रकार : लुकलुकणारा अदृश्य प्रकाश

नंतर आलेल्या आणि आजही घरोघरी असलेल्या रिमोटने हा धडा चांगला गिरविला. त्याच्या टोकाला एक प्रकाश-उत्सर्जक डायोड असतो. तो अवरक्त किरण फेकतो. या किरणांची तरंगलांबी बहुधा सुमारे ९४० नॅनोमीटर असते. तांबड्या प्रकाशापेक्षा ती अधिक असल्याने आपल्या डोळ्यांना हे किरण दिसत नाहीत. मात्र मोबाइल फोनच्या कॅमेऱ्याला ते पुष्कळदा दिसतात. फोनच्या पुढच्या बाजूच्या कॅमेऱ्यासमोर रिमोट धरून बटण दाबा, म्हणजे टोकाशी फिकट जांभळा ठिपका चमकताना दिसेल.

पण अवरक्त किरण तर सूर्यापासूनही येतात, दिव्यापासूनही येतात आणि आपल्या शरीरापासूनही निघतात. मग संचाने रिमोटचे किरण ओळखावेत कसे? त्यासाठी हा डायोड सेकंदाला सुमारे ३८,००० वेळा लुकलुकतो आणि संचातील संग्राहक फक्त त्याच लयीकडे लक्ष देतो. जत्रेच्या गोंगाटातही कुल्फीवाल्याची घंटा वेगळी ओळखू येते ना, तसेच हे आहे. स्थिर उन्हाला लय नसते, म्हणून संग्राहक त्याची दखल घेत नाही.

या लुकलुकणाऱ्या प्रकाशाचे छोटे झोत आणि मधल्या विश्रांती यांतून संदेश तयार होतो. एक प्रचलित पद्धत पाहू. प्रथम ९ मिलिसेकंदांचा लांब झोत आणि ४.५ मिलिसेकंदांची विश्रांती. हा जणू ‘सावधान’चा इशारा. त्यानंतर ० आणि १ असे एकूण ३२ द्विमान अंक येतात. प्रत्येक अंकाच्या आरंभी सुमारे ५६० मायक्रोसेकंदांचा झोत असतो. त्यामागून येणारी विश्रांती तेवढीच आखूड असेल तर ०, आणि सुमारे तिप्पट लांब असेल तर १. पहिले ८ अंक म्हणजे उपकरणाचा पत्ता, पुढचे ८ अंक म्हणजे तोच पत्ता ० च्या जागी १ आणि १ च्या जागी ० घालून. मग ८ अंकांची आज्ञा, आणि तीच आज्ञा पुन्हा उलट करून. उलट प्रत मूळ प्रतीशी जुळली नाही, तर संदेश बिघडला असे समजून संच तो सोडून देतो. ८ अंकांत २५६ निरनिराळ्या आज्ञा बसतात. रिमोटवरच्या बटणांना त्या पुरून उरतात.

२००७ साली बाजारात आलेली ॲपल टीव्ही आणि २००८ साली आलेली रोकू ही स्ट्रीमिंगची सुरुवातीची उपकरणे असाच अवरक्त रिमोट घेऊन आली. ती छोट्या पेटीच्या आकाराची होती आणि संचाशेजारी उघड्यावर ठेवायची होती. रिमोटला ती समोर दिसत होती, त्यामुळे काही अडले नाही.

पेटी गेली, कांडी आली

२०१४ च्या अखेरीस ॲमेझॉनची फायर टीव्ही स्टिक अमेरिकेत विक्रीला आली. भारतात ती २०१७ साली आली. ही कांडी संचाच्या पाठीमागे लावायची असते. म्हणजे ती संचाच्या सावलीतच गेली. अवरक्त किरणांची तरंगलांबी संचाच्या आकारापुढे इतकी सूक्ष्म आहे, की ते त्याला वळसा घालून मागे जाऊ शकत नाहीत. समोरच्या भिंतीवरून परावर्तित झालेले किरण संचाच्या पुढच्या डोळ्यापर्यंत येतील, पण अडचणीत दडलेल्या कांडीपर्यंत पुरेसे पोहोचतील याचा भरवसा नाही.

म्हणून कांडीच्या रिमोटला रेडिओ तरंगांचा आश्रय घ्यावा लागला. ब्लूटूथ पद्धतीत या तरंगांची कंप्रता सेकंदाला सुमारे २४० कोटी असते. प्रकाशाचा वेग सेकंदाला ३० कोटी मीटर. त्याला कंप्रतेने भागले, की तरंगलांबी सुमारे १२.५ सेंटिमीटर येते. रिमोटच्या अवरक्त किरणांपेक्षा ही सव्वा लाख पटींहून अधिक! हे तरंग पांघरूण, लाकूड, प्लॅस्टिक यांमधून सहज पार होतात, साध्या भिंतीतूनही बऱ्याच अंशी जातात आणि खोलीत ठिकठिकाणी परावर्तित होऊन आडोशाला असलेल्या कांडीपर्यंत पोहोचतात. धातू मात्र त्यांना अडवतो.

दुसरे कारण आहे आपल्या आवाजाचे. नव्या रिमोटमध्ये एक छोटा मायक्रोफोन असतो. त्याचे बटण दाबून चित्रपटाचे नाव उच्चारले, की तो शोधला जातो. आता थोडे गणित करू. बोलणे अंकांत उतरविण्यासाठी सेकंदाला १६,००० वेळा त्याचे मापन केले आणि प्रत्येक मापनाला १६ द्विमान अंक दिले, तर एका सेकंदाच्या बोलण्याचे २,५६,००० अंक होतात. वर सांगितलेल्या अवरक्त पद्धतीत ३२ अंकांना सुमारे ६७.५ मिलिसेकंद लागतात. म्हणजे ८,००० संदेश पाठवावे लागतील आणि त्यांना ५४० सेकंद लागतील. एका सेकंदाचे बोलणे पोहोचवायला ९ मिनिटे! अवरक्त किरणांनी याहून जलद संदेश पाठविता येत नाहीत असे नव्हे, पण साध्या रिमोटची ही संथ पद्धत त्या कामाची नाही. ब्लूटूथच्या कमी ऊर्जेच्या प्रकारात सेकंदाला दहा लाख अंक पाठविण्याची सोय असते. आवाज आटोपशीर करून पाठविला, तर त्यात तो आरामात मावतो.

भिंत हेच कुलूप

येथे एक नवा प्रश्न उभा राहतो. अवरक्त किरण भिंतीपलीकडे जात नाहीत, ही त्यांची उणीव आपण मानली. पण त्या उणिवेतच सोय होती. तुमच्या रिमोटने शेजाऱ्यांचा संच बदलत नसे, कारण मधली भिंत कुलपाचे काम करीत होती. रेडिओ तरंगांना ही भिंत पुरेशी नाही. चाळीत किंवा सदनिकांच्या इमारतीत एकाच जातीच्या दहा कांड्या असतील, तर कोणाच्या रिमोटने कोणाची कांडी चालवायची?

म्हणून नवे कुलूप गणिताचे करावे लागले. पहिल्या वेळी रिमोट आणि कांडी यांची ‘जोडी’ जमवावी लागते. फायर टीव्हीच्या रिमोटवर घराचे चित्र असलेले बटण सुमारे १० सेकंद दाबून धरतात, ते याचसाठी. त्या वेळी दोघे एकमेकांची ओळख नोंदवितात आणि एक गुप्त किल्ली ठरवितात. पुढचे संदेश त्या किल्लीने सांकेतिक करून पाठविले जातात. शिवाय ही बोलणी दुतर्फा असते. संदेशाची पोच आली नाही, तर तो पुन्हा पाठविला जातो. जुना रिमोट मात्र फक्त बोलतो. त्याला ऐकू येत नाही.

मग आवाजाच्या बटणाचे काय?

आता पांघरुणाचे कोडे सोडवू. भारतात २०१७ साली आलेल्या कांडीच्या रिमोटवर आवाज कमी-जास्त करण्याचे आणि संच चालू-बंद करण्याचे बटणच नव्हते. कारण ही कामे संचाची आणि पुष्कळशा संचांना केवळ अवरक्त भाषा कळते. त्यामुळे घरात दोन रिमोट सांभाळावे लागत. २०१८ साली आलेल्या नव्या रिमोटमध्ये ब्लूटूथच्या जोडीला अवरक्त डायोडही बसविण्यात आला. तुमचा संच कोणत्या कंपनीचा हे एकदा ठरले, की त्याला समजणारे संकेत रिमोटला कळतात. तेव्हा बाणाचे बटण रेडिओ तरंगांनी कांडीशी बोलते आणि आवाजाचे बटण अवरक्त किरणांनी संचाशी. पांघरुणाने दुसऱ्याला अडविले, पहिल्याला नाही.

याचा व्यवहारात चांगला उपयोग होतो. आवाज बदलतो पण बाण चालत नाहीत, असे झाले तर विद्युतघट शाबूत आहेत आणि बहुधा जोडी तुटली आहे, असे समजावे. बाण चालतात पण आवाज बदलत नाही, तर संचाच्या डोळ्यासमोर काही आडवे आले आहे का ते पाहावे. रिमोट फेकून देण्यापूर्वी एवढी तपासणी जरूर करावी.

कोणता चांगला?

नवा तो चांगला, असे सरसकट म्हणता येणार नाही. ज्या आजोबांना बारीक अक्षरे दिसत नाहीत किंवा ज्यांचा हात थरथरतो, त्यांना बोलून शोधता येणे हे मोठेच साहाय्य आहे. पण ते बोलणे इंटरनेटवरून दूरच्या संगणकाकडे जाते, हेही घरातल्या सर्वांना ठाऊक असले पाहिजे. जुना रिमोट हरवला, तर बाजारातला स्वस्त पर्यायी रिमोट चालून जातो. नव्याला योग्य जातीचा रिमोट आणून पुन्हा जोडी जमवावी लागते. ज्याला फक्त वाहिनी बदलायची आहे, त्याला ३२ अंकांचा संदेश पुरेसा आहे. ज्याला मागे दडलेल्या उपकरणाशी बोलायचे आहे, त्याला तो पुरत नाही. साधन निवडताना आधी काम नीट पारखावे, हेच खरे.

आता तुमच्यासाठी दोन प्रश्न. पहिला : वर सांगितलेल्या अवरक्त पद्धतीत कोणतेही बटण दाबले, तरी ३२ अंकांना लागणारा वेळ सारखाच का येतो? दुसरा : कांडीच्या रिमोटला स्वयंपाकघरातील ॲल्युमिनियमच्या वर्खाने सर्व बाजूंनी गुंडाळून वरूनच बटणे दाबली, तर काय होईल? आधी उत्तर कागदावर लिहा आणि मगच प्रयोग करून पाहा.