नाव चुकले की भाव बुडाला
झाडांची ओळख, संगणक आणि बीडचा बाजार

मालाचा भाव वजनावर, प्रतीवर आणि हंगामावर ठरतो, हे आपण सारेच जाणतो. पण या तिन्हींच्या आधी आणखी एक गोष्ट ठरावी लागते, ती म्हणजे मालाचे नाव. गिऱ्हाईक जे मागतो तेच आपण देतो आहोत काय, या प्रश्नाचे उत्तर डळमळीत असेल तर काटा कितीही खरा असला तरी व्यवहार खोटा ठरतो.

विद्यापीठांतून चालणारे संशोधन आपल्या धंद्याच्या काय कामाचे, असे आपले बरेच व्यापारी बांधव मानतात. आमचे मत वेगळे आहे. वनस्पतींचे वर्गीकरण, संगणकाचे सॉफ्टवेअर आणि शहरातील हिरवळीची मोजणी या तीन शाखा वरवर एकमेकींपासून दूर दिसतात. आज मात्र त्या एकाच प्रश्नापाशी येऊन ठेपल्या आहेत: हे झाड नेमके कोणते? आणि हा प्रश्न बागवान, अत्तार आणि सुतार यांच्या रोजीरोटीचा आहे.

सीताफळाचा धडा

बीड जिल्ह्यातील बालाघाटाच्या डोंगररांगांत सीताफळ आपोआप उगवते. हे झाड मूळचे अमेरिका खंडातील उष्ण प्रदेशाचे; पोर्तुगीजांच्या काळात ते आपल्याकडे आले असे मानले जाते. शास्त्रीय भाषेत त्याला ॲनोना स्क्वामोसा म्हणतात. रामफळ हे त्याच कुळातले, पण जात निराळी. परभणीच्या कृषी विद्यापीठाचे सीताफळ संशोधन केंद्र अंबाजोगाईला आहे. याच डोंगरातील झाडांतून निवड करून तेथे ‘धारूर-६’ हे वाण पुढे आणले गेले.

२०१६ साली बीडच्या सीताफळाला भौगोलिक मानांकन मिळाले. याचा अर्थ व्यापाऱ्याने नीट समजून घ्यावा. ‘बीडचे सीताफळ’ हे आता नुसते बोलण्यातले नाव राहिलेले नाही, ते कायद्याने राखलेले नाव झाले आहे. १९९९ च्या भौगोलिक मानांकन कायद्यात ‘उत्पादक’ या शब्दाची व्याख्या व्यापक आहे. शेतमाल पिकवणारा तर त्यात येतोच, शिवाय त्यावर प्रक्रिया करणारा, तो बांधणारा आणि त्याचा व्यापार करणाराही येतो. म्हणजे बागवान बांधवालाही अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणीसाठी अर्ज करता येतो. दुसऱ्या प्रांतातला माल याच नावाने विकणे मात्र गुन्हा ठरू शकतो.

फळ झाडावरून उतरले की दोन-चार दिवसांत पिकते आणि लगेच नासायला लागते. त्यामुळे हंगामात माल ज्या भावाला जाईल त्या भावाला काढावा लागतो. अशा नाशवंत मालाला दोन पैसे जास्त मिळवून देणारी गोष्ट एकच, ती म्हणजे खात्रीचे नाव. एका टोपलीत दोन वाण मिसळले की ती खात्री गेली आणि जास्तीचे पैसेही गेले.

एक नाव, चार झाडे

अत्तारांच्या दुकानात ही गोष्ट अधिक गंभीर होते. शंखपुष्पी या एका नावाने देशाच्या निरनिराळ्या भागांत चार वेगवेगळ्या वनस्पती विकल्या जातात. ब्राह्मी म्हणून कुठे जलब्राह्मी मिळते, तर कुठे मंडूकपर्णी. अशोकाची गोष्ट तर सर्वांच्या डोळ्यांसमोरची आहे. बंगल्यांपुढे आणि शाळांच्या कुंपणाला सरळ उभे वाढणारे जे झाड आपण अशोक म्हणून ओळखतो, तो औषधातला अशोक नव्हेच. खरा अशोक शेंगवर्गीय कुळातला, केशरी-लाल फुलांचा. कुंपणावरचा अशोक हा कुळाने सीताफळाचा भाऊबंद! तरीही त्याची साल खऱ्या अशोकाच्या सालीत मिसळली जाते, असे तपासण्यांत वारंवार आढळले आहे.

बिर्याणीच्या मसाल्यातले चक्रीफूल, म्हणजेच बादियान, घ्या. चीन आणि व्हिएतनामकडून येणारे चक्रीफूल खाण्याचे आहे. जपानी चक्रीफूल दिसायला जवळजवळ तसेच, पण विषारी आहे. २००३ साली अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने चक्रीफुलाच्या चहापासून लोकांना सावध केले होते, कारण तो प्यायल्याने लहान मुलांसह अनेकांना झटके आणि उलट्यांचा त्रास झाला होता. आपल्या देशातील उदाहरण याहून दुःखद आहे. १९९८ साली दिल्लीत मोहरीच्या तेलात पिवळ्या धोत्र्याच्या बियांचे तेल मिसळले गेले आणि साठाहून अधिक माणसे दगावली. हा पिवळा धोत्रा आपल्याकडे रस्त्याच्या कडेला आणि पडीक शेतात सर्रास दिसतो. त्याचे बी मोहरीसारखेच बारीक आणि काळसर असते.

मराठवाड्याची वही

झाडांना नावे देण्याचे काम जुने आहे. मलागा येथे जन्मलेले आणि १२४८ साली दमास्कसला निधन पावलेले इब्न अल-बैतार यांनी सुमारे चौदाशे औषधी व खाद्य द्रव्यांची नोंद करणारा ग्रंथ लिहिला. एकाच वनस्पतीची निरनिराळ्या भाषांतील नावेही त्यांनी त्यात दिली. दूरदेशीच्या बाजारात फसगत होऊ नये, हा त्याचा व्यावहारिक उपयोग होता. पुढे १७५३ साली स्वीडनच्या लिनियसने प्रत्येक वनस्पतीला दोन शब्दांचे नाव देण्याची पद्धत रूढ केली. तीच आज जगभर चालते.

आपल्या भागाची नोंद मात्र उशिरा झाली. थिओडोर कुक यांचा मुंबई इलाख्याच्या वनस्पतींवरील मोठा ग्रंथ १९०१ ते १९०८ या काळात निघाला. पण तेव्हा बीड निजामाच्या राज्यात होते आणि त्या इलाख्याच्या हद्दीबाहेर राहिले. औरंगाबादच्या मराठवाडा विद्यापीठातील वनस्पतीशास्त्राचे प्राध्यापक व्ही. एन. नाईक यांचा मराठवाड्यातील वनस्पतींवरील दोन खंडांचा इंग्रजी ग्रंथ १९९८ साली प्रसिद्ध झाला, तेव्हा या प्रदेशाला स्वतःची वही मिळाली.

ही वही कायम एकसारखी राहत नाही, हेही लक्षात ठेवावे. कुंपणावरच्या अशोकाचे शास्त्रीय नाव पॉलिअल्थिया असे होते. २०१२ साली संशोधकांनी तो मोनून या गटात घातला. झाड तेच, नाव नवे. परदेशी माल पाठवणाऱ्याच्या कागदावर जुने नाव आणि समोरच्याच्या कागदावर नवे नाव असेल तर खुलासे करत बसण्याची पाळी येते.

संगणक झाड कसे ओळखतो?

आता संगणकाकडे येऊ. १९३६ साली रोनाल्ड फिशर या इंग्रज संख्याशास्त्रज्ञाने आयरिस नावाच्या फुलझाडाच्या तीन जाती घेतल्या. प्रत्येकीची पन्नास फुले आणि प्रत्येक फुलाची फक्त चार मापे, म्हणजे पाकळीची व बाहेरच्या दलाची लांबी आणि रुंदी. या मापांवरून फूल कोणत्या जातीचे हे गणिताने सांगता येते, असे त्यांनी दाखवले. संगणकाचे विद्यार्थी आजही हाच तक्ता पहिल्या धड्यात शिकतात.

आज मापे हाताने घ्यावी लागत नाहीत. पानाफुलांची हजारो छायाचित्रे नावासह संगणकाला दाखवतात आणि त्यातील फरक तो स्वतः शोधतो. २०१३ साली फ्रान्समधील संशोधन संस्थांनी ‘प्लांटनेट’ हे मोबाइलवर चालणारे साधन आणले. आपल्या देशात ‘इंडिया बायोडायव्हर्सिटी पोर्टल’वर नोंदी जमा होत आहेत. पण यंत्राला जेवढे शिकवले तेवढेच ते सांगते. ‘प्लांटनेट’चा सुरुवातीचा भर युरोपातील वनस्पतींवर होता. कडुनिंब आणि बकाण निंब यांतील फरक ज्या यंत्राने पाहिलेला नाही, ते दोघांनाही एकच नाव देईल, आणि तेही मोठ्या आत्मविश्वासाने!

म्हणूनच सॉफ्टवेअर बनवणे ही वेगळी अभियांत्रिकी मानली जाते. १९६८ साली जर्मनीत भरलेल्या एका परिषदेपासून हा शब्द रूढ झाला. तिची शिस्त आपल्या सुतार मिस्त्रींना चटकन कळेल. आधी माप, मग आखणी, मग काप, आणि खिळा ठोकण्यापूर्वी जोड बसतो की नाही याची तपासणी. सॉफ्टवेअरमध्येही काही छायाचित्रे मुद्दाम बाजूला ठेवतात, शिकवताना दाखवत नाहीत आणि शेवटी त्यांच्यावरच यंत्राची परीक्षा घेतात. ही परीक्षा कोणत्या झाडांवर घेतली, हे विचारल्याशिवाय कोणत्याही यंत्रावर विसंबू नये. शिवाय वाळलेली साल किंवा कुटलेली भुकटी छायाचित्रावरून ओळखता येत नाही. तिला सूक्ष्मदर्शक किंवा प्रयोगशाळेतील डीएनए तपासणीच लागते.

शहराची हिरवळ

तिसरी शाखा शहरातल्या झाडांची. बीड शहराला हा विषय नवा नाही. निजामशाहीच्या काळात, १५८३ च्या सुमारास, सलाबतखानाने खजाना विहीर बांधवली. तिचे पाणी भूमिगत मार्गाने नेऊन बीडजवळच्या बागा आणि शेते भिजवली गेली. आपल्या काळात शहराजवळच्या पालवणच्या डोंगरावर सह्याद्री देवराई उभी राहिली. फेब्रुवारी २०२० मध्ये तेथे वृक्षसंमेलन भरले आणि त्याच्या अध्यक्षस्थानी चक्क वडाचे झाड होते.

हिरवळ मोजण्यासाठी आता उपग्रह वापरतात. हिरवे पान तांबडा प्रकाश शोषते आणि डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश परतवते. या दोहोंच्या फरकावरून हिरवेपणाचा आकडा निघतो. पण उपग्रहाला हिरवा रंग दिसतो, सुबाभूळ आणि चिंच यांतला फरक सहजी दिसत नाही. कायदा मात्र तो फरक पाहतो. १९६४ च्या महाराष्ट्र वृक्षतोड कायद्याच्या यादीत साग, चिंच, आंबा, जांभूळ, खैर, चंदन अशी नावे आहेत. शहरी भागासाठी १९७५ चा वेगळा कायदा आहे. त्यानुसार झाड तोडण्यापूर्वी परवानगी आणि दर पाच वर्षांनी वृक्षगणना आवश्यक आहे. २०२१ च्या दुरुस्तीने पन्नास वर्षांवरील झाडांना वारसावृक्षाचे संरक्षण मिळाले. लाकडाचा सौदा करणाऱ्याने झाडाचे नाव आणि वय न विचारता विसार दिला, तर तो पैसा अडकून पडू शकतो.

सावलीचा हिशोब तर प्रत्येक हातगाडीवाला रोज करतो. भर उन्हात उभ्या गाडीवरचे फळ लवकर नासते आणि गिऱ्हाईकही थांबत नाही. बाजारातले एक लिंबाचे झाड म्हणजे भाडे न मागणारे छप्परच.

आपण काय करावे?

बांधवांनो, वनस्पतीशास्त्रज्ञाकडे नाव आहे, पण तो रोज बाजारात बसत नाही. यंत्राकडे वेग आहे, पण पारख नाही. उपग्रहाकडे उंची आहे, पण त्याला झाडाचे नाव सांगता येत नाही. फळाच्या डोळ्यांवरून वाण, सालीच्या वासावरून जात आणि रंध्याच्या धारेवरून लाकूड ओळखणारी माणसे आपल्यातच आहेत. हा हुन्नर तोंडी राहिला तर तो एका पिढीबरोबर संपेल.

म्हणून आमच्या चार सूचना आहेत. पहिली, पुडीवर आणि बिलावर मालाचे प्रचलित नाव लिहा आणि शक्य तेथे शास्त्रीय नावही लिहा. दुसरी, मोबाइलच्या उत्तराला साक्षीदार माना, न्यायाधीश मानू नका. खाण्याच्या आणि औषधाच्या मालात शंका आली की माल बाजूला ठेवा आणि तपासून घ्या. तिसरी, गावात वृक्षगणना होईल तेव्हा आपल्या मोहल्ल्यातील जाणत्या माणसाला गणना करणाऱ्यांबरोबर पाठवा. चौथी, विज्ञान शाखेत शिकणाऱ्या मुलामुलींना आपल्या दुकानातला माल अभ्यासाला द्या. ज्या मुलीने वनस्पतीशास्त्र आणि संगणक दोन्ही शिकून घेतले आणि आजोबांच्या अत्तारीच्या दुकानातील बरण्यांची नोंद केली, ती विद्यापीठालाही काही शिकवील.

माप पुरे द्यावे, ही आपली जुनी शिकवण आहे. नाव खरे सांगणे हाही त्या मापाचाच भाग आहे.