परगावचे रुग्णबालक आणि भाषेचा प्रश्न

परळचे टाटा मेमोरियल रुग्णालय १९४१ साली सुरू झाले. तेथे येणाऱ्या पुष्कळ बालकांची घरे बिहार, बंगाल अशा दूरच्या राज्यांत असतात. बालकांत सर्वाधिक आढळणाऱ्या रक्तकर्करोगाचे उपचार दोन-अडीच वर्षे चालतात. दादरची गाडगेमहाराज धर्मशाळा व २००६ पासून सेंट ज्यूड संस्थेची निवासकेंद्रे यांनी निवाऱ्याचा भार काहीसा हलका केला आहे.

भाषेचा प्रश्न मात्र अधिक सूक्ष्म होय. पहिल्या महिन्याच्या उपचारांनंतर सूक्ष्मदर्शकाखाली रोगपेशी बहुधा दिसेनाशा होतात. 'रोग दिसत नाही' हे वैद्याचे विधान 'रोग उरला नाही' असे ऐकले गेले, की खोळंबलेली पेरणी आणि मागे राहिलेली भावंडे यांच्या ओढीस जणू आधारच मिळतो, व उपचार अर्ध्यावर सुटण्याचा धोका उत्पन्न होतो. 'दिसणे' आणि 'असणे' यांतील हे अंतर नुसत्या प्रतिशब्दाने भरून निघत नाही. (दुभाषीही पुष्कळदा शेजारच्या खाटेवरील मुलाची आईच असते!) सांगितलेले मातापित्यांकडून त्यांच्याच बोलीत वदवून घेतले, तर गैरसमज तेथल्या तेथे उघड होतो. ताप आल्यास मध्यरात्रीदेखील रुग्णालय गाठावयाचे, ही सूचनाही याच रीतीने द्यावी लागते.